वाटीभर जुनं तेल

स्फाक्स,
८ सप्टेंबर २००३

ती. मोंजीदादास,
नजीहाचा सलाम. वि. वि. मी खुशाल आहे. तिकडची खुशाली तुझ्या गिचमिड अक्षरात वाचायला मिळेल तर बरं, वर्षाला दोन पत्रं हा काही भावाचा धर्म नव्हे.

गेल्या खेपेला बाबांनी माझ्यापुढे ऑक्टोपस ठेवला आणि खाण्याआधी वास घ्यायला लावला, आठवतं? बोटीच्या तेलाचा वास होता. बाबा नुसते माझ्याकडे बघत राहिले, जणू लेक शहरात तेलं-रसायनं शिकली म्हणजे गुन्हा तिचाच. बंदरातल्या चाळीस बोटींच्या शाफ्टमधून, पंखा फिरवणाऱ्या दांड्यातून, तेल गळतं ते थेंबे थेंबे साचून त्यांच्या जाळीपर्यंत जातं, हे त्यांना कळतं.

पाच वर्षं मी त्याच्याच मागे आहे. पंख्याच्या शाफ्टभोवतीचं रबरी सील आक्रसू नये म्हणून तेलात एक द्रव्य घातलेलं असतं. त्याने रबर जरासं फुगतं, मऊ राहतं, घट्ट बसतं. पण तेच गळून पाण्यात गेलं की ऑक्टोपसच्या अंड्यांना विष. मी झाडपाल्यापासून दुसरं द्रव्य केलंय. रबराला तितकंच मऊ ठेवतं आणि समुद्रात महिन्याभरात विरून जातं. प्रयोगशाळेत दीड वर्ष टिकलं. आता खरी बोट हवी. उन्हाळ्यापर्यंत बोटीवर सिद्ध झालं नाही तर काम गुंडाळा, असं साहेबांनी तोंडावर सांगितलंय. परक्याची बोट मागायला जीभ रेटत नाही, म्हणून तुझ्याकडे आले.

वहिनींना सलाम, बाबांचे हात माझ्या वतीने चूम. लोभ आहे तेवढा पुरे, आता बोट दे.
तुझी,
नजीहा


क्रातेन, केर्केना बेट,
१५ सप्टेंबर २००३

चि. नजीहास अनेक आशीर्वाद.
वि. वि. पत्र पोचलं. जहाजावरच्या माणसाने ते पावाच्या पिशवीत घालून आणलं, त्यामुळे थोडं पीठ लागलंय, वाचता आलं.

बोट मिळाली. मी विचार करत बसलो होतो कुणाला गळ घालावी, तर अनीस ताटावरून उठून म्हणाला, माझी घ्या. ताईने विष घातलं तरी ते अभ्यास करून घातलेलं असेल, असं वर म्हणाला. धाकट्या भावाला लाडावून ठेवलंस ते असं फळलं. एवढंच सांगतो, की ऑक्टोपसचा हंगाम संपला की त्याचं लग्न आहे, आणि त्या बोटीवरच सगळं उभं आहे. तेव्हा सांभाळून.

बाबांनी मात्र तोंड वाकडं केलं. सगळं तेल काढायचं हे त्यांना पटेना. तुला नेम ठाऊकच आहे. तेल बदलताना वाटीभर जुनं मागे ठेवायचं, विरजणासारखं, म्हणजे नव्या तेलाला बोटीची ओळख पटते. तुझी वहिनी सलूहा अजून आईच्या हातच्या आंबवणातला गोळा रोज बाजूला काढून ठेवते आणि दुसऱ्या दिवशीच्या पिठात घालते. बाबा म्हणतात, आई जाऊन सहा वर्षं झाली तरी आपण तिचाच पाव खातो तो कशामुळे?  मी मान हलवली.

डबे पाठव. तब्येत सांभाळ, आणि मोठ्या भावाला धर्म शिकवू नये.
तुझा,
मोंजी


स्फाक्स,
२२ सप्टेंबर २००३

ती. मोंजीदादास सलाम.
वि. वि. दोन डबे आणि नवं सील गुरुवारच्या जहाजाने पाठवते आहे. जुनं तेल शेवटच्या थेंबापर्यंत काढ, आतून फडक्याने पूस, मग नवं सील बसव. काही न मिसळलेल्या साध्या तेलाच्या शंभर मापांना माझ्या द्रव्याची चार मापं. बाबांना सांग, त्यांचं विरजण या खेपेला पावापुरतंच राहू दे. फार रुसले तर मी स्वतः येऊन त्यांचे पाय चेपीन.

अनीसला म्हणावं, ताईला भीती वाटते आहे. हसेल तो. हसू दे.
कळावे, माया असू द्यावी.
नजीहा


क्रातेन,
१० नोव्हेंबर २००३

चि. नजीहास आशीर्वाद.
वि. वि. रमजान मुबारक. रोजे धरून एंजिन खोलायचं म्हणजे जीव अर्धा होतो, पण आज बसून लिहितोच.

अनीसच्या बोटीला पाच आठवडे झाले. तिच्या मागे पाण्यावर रंगीत तवंग नाही. लोक धक्क्यावर येऊन वाकून बघतात, जणू नवरी बघायला आलेत. तिघांनी मला बाजूला घेऊन विचारलं, नजीहाचं औषध आम्हाला कधी? परवा बाबांच्या जाळीत मोठा ऑक्टोपस आला. त्यांनी वास घेतला, मला घ्यायला लावला, आणि रांधायला म्हणून सलूहाच्या हातात दिला. त्यांच्याकडून याहून मोठी शाबासकी तुला मिळायची नाही. खाली अनीसला दोन ओळी खरडायच्या आहेत, जागा सोडतो.
मोंजी

ताई, बोट लोण्यासारखी चालते. लग्नात तुला सगळ्यात पुढे बसवणार आहे, पण तेलावर भाषण दिलंस तर मागे नेऊन बसवीन. तुझा अनीस.


स्फाक्स,
२४ डिसेंबर २००३

मोंजीदादा,
घरी चार दिवस होते, पण बायका भोवती बसलेल्या, बाबा भिंतीकडे तोंड करून. तुझ्याशी एक शब्द बोलता आला नाही. आता लिहिते.

अनीसबरोबर बोटीवर असलेला खमीस सांगत होता ते माझ्या कानातून जात नाही. मागून पाणी येतंय कळल्यावर अनीसने त्याला टपावर पाठवलं, दुसऱ्या बोटीला हाक मार म्हणून, आणि स्वतः खाली उतरून अंगातला स्वेटर काढून शाफ्टभोवती कोंबत बसला. तिथेच राहिला. बोट बुडाली तरी डोलकाठीचं टोक पाण्याबाहेर होतं. एवढ्याशा पाण्यात, दादा. एवढ्याशा पाण्यात आपला अनीस गेला.

निघताना तू बोटीतून काढलेलं ते सील कागदात गुंडाळून माझ्या हातात दिलंस. मी ते कापून पाहिलं. आक्रसलेलं नाही, झिजलेलं नाही. भिजलेल्या पावासारखं फुगलंय, बोटाने तुटतं. फुगून मऊ झालं आणि शाफ्टने ते सोलून काढलं. माझ्या एकट्या द्रव्याने रबर इतकं फुगतच नाही. तसाच तुकडा मी त्यात दीड वर्ष ठेवलाय, आजही धड आहे. मग मनात आलं आणि जुन्या तेलात माझं द्रव्य घालून दुसरा तुकडा बुडवला. दहाव्या दिवशी त्याची लापशी झाली. दोन्ही द्रव्यं रबर फुगवणारी, एकत्र आली आणि त्याचा घास घेतला.

तुला दोष देत नाही. पण खरं सांग. जुनं तेल आत राहिलं होतं का?
नजीहा


क्रातेन,
२ जानेवारी २००४

चि. नजीहास आशीर्वाद.
तुझा प्रश्न वाचून आधी राग आला. मी थेंब ठेवला नव्हता. फडकं पांढरं निघेपर्यंत पुसलं होतं, अनीस बॅटरी धरून उभा होता. आईची शपथ घेऊन सांगतो. पत्र इथेच थांबवलं असतं, पण

५ जानेवारी
पण आता पुढचं लिहावंच लागतं.

काल बाबा पहिल्यांदा पोटभर जेवले. जेवताना आपणहून बोलायला लागले. म्हणाले, मी माझ्याकडून पोराला उघड्यावर सोडलं नव्हतं. तुम्ही दोघं बोट पुसून घरी गेलात, मी मागून गेलो. फेकायला ठेवलेल्या जुन्या तेलातलं वाटीभर घेतलं, अल्लाचं नाव घेतलं आणि आत ओतलं. बोटीला ओळख राहावी म्हणून. हे सांगताना त्यांचा चेहरा, नजीहा, अनीस गेल्यापासून तेवढ्यापुरता जरा निवळला होता. त्या एका गोष्टीचाच त्यांना धीर आहे.

सलूहाच्या हातातली ताटली खाली पडली. तुझं पत्र मी तिला वाचून दाखवलं होतं. मी पाणी प्यायलो आणि बाहेर जाऊन बसलो.

मी काय करू? तू शिकलेली आहेस, तू सांग.
मोंजी


स्फाक्स,
१२ जानेवारी २००४

ती. मोंजीदादास,
काही करायचं नाही. बाबांना कधीही कळू द्यायचं नाही. वहिनींनाही शपथ घाल.

बंदराच्या कचेरीने माझ्याकडे अहवाल मागितला होता. तो धक्क्यावर लावतात आणि बाबा कुणाकडून तरी वाचून घेतातच. काल लिहून दिला. लिहिलं की नव्या द्रव्यात दोष होता, त्याने रबर फुगतं, ते वापरू नये. खाली सही केली. साहेबांनी ती लापशी आणि तो दीड वर्षाचा धड तुकडा दोन्ही पाहिले होते. पुन्हा पुन्हा विचारत होते, बाई, हे तुम्ही काय लिहिता आहात? मी म्हटलं, खरं तेच. काम बंद झालं. डबे परत मागवलेत, तुझ्याकडे उरलेलं पाठवून दे.

हे फार मोठं खोटं आहे असं समजू नकोस. मी त्याच घरची. वाटीभर जुनं मागे ठेवतात हे मला पाळण्यापासून ठाऊक. पाच वर्षांत शंभर तुकडे बुडवले, पण ती एक वाटी घालून बघावं हे सुचलं नाही. उलट तुला पत्रात थट्टा लिहिली, विरजण पावापुरतंच राहू दे म्हणून. का राहू दे, हे लिहिलं नाही, कारण मलाच माहीत नव्हतं. कारण कळलं असतं तर बाबांनी ऐकलं असतं. ते हट्टी आहेत, अडाणी नाहीत.

आता मी घरी येणार नाही, निदान इतक्यात नाही. बाबांच्या समोर बसून त्यांच्या हाताकडे बघणं मला जमायचं नाही.
नजीहा


क्रातेन,
९ फेब्रुवारी २००४

चि. नजीहास अनेक आशीर्वाद.
वि. वि. डबे मंगळवारच्या जहाजाने पाठवले आहेत. अनीसची बोट वर काढून धक्क्याशी उलटी ठेवलीय, कुणी विकत घेत नाही, कुणी मोडतही नाही. तुझं औषध मागणारे ते तिघं आता मला बघून वाट बदलतात. सगळ्यांनी जुनंच तेल भरलं. बंदरात पाण्यावर पुन्हा रंग चढलाय. बाबा सकाळी जाळीवर जातात, आलेल्या ऑक्टोपसचा वास घेतात आणि परत टाकून देतात. परवा पाचही टाकून दिले.

धक्क्यावर लावलेला तुझा अहवाल त्यांनी खमीसकडून दोनदा वाचून घेतला. आज मला पुढ्यात बसवून म्हणाले, नजीहाला लिही, मी सांगतो तसं, आपल्या पदरचं घालू नकोस. म्हणून त्यांचे शब्द लिहितो.

पोरी, ईदला आली नाहीस. सगळे म्हणतात ती तोंड दाखवायला लाजते. मला लाजू नकोस. चूक कुणाच्या हातून होत नाही? तू भल्यासाठी करायला गेलीस, ते उलटं झालं. अनीस तुझ्यावर रागावून गेला नसेल, त्याला राग यायचाच नाही. मीही तुला माफ केलंय, आईच्या वाटचीही माफी मीच देतो. मनाला लावून घेऊ नकोस, जेवत जा. एक सांगतो म्हणजे तुला बरं वाटेल. त्या दिवशी मी वाटीभर जुनं तेल गुपचूप आत घातलं होतं. म्हणून तर तो दोन महिने तरी तरला. नाहीतर पोर पहिल्याच दिवशी गेलं असतं. घरी ये.

यापुढे मला लिहवत नाही. खालचा अंगठा बाबांचाच आहे. शाई सापडली नाही, माझ्या हाताला बोटीचं तेल होतं, त्यातच त्यांनी बुडवला.
तुझा,
मोंजी