साडेपाच फुटांपर्यंतचे आबा

रहिमतपूर,
मंगळवार, दुपार

श्री. वीरधवलराव यांस,

रहिमतपूरहून तुमचे दाजी लालासाहेब यांचा नमस्कार. तुमची तब्येत, तुमच्या पोस्टवरची थंडी आणि तुमच्या पलटणीचा आचारी या तिघांचीही खुशाली कळवावी. (मागच्या खेपेला डाळीविषयी तक्रार होती. ती वरपर्यंत पोचली का?) इकडे सगळे ठीक. आबाही ठीक. हे मी पुन्हा एकदा लिहितो, कारण लिहिताना बरं वाटतं: आबा ठीक आहेत. बायपास झाली, टाके निघाले, मिरजेहून कवठे महांकाळला घरी येऊन आज सहावा दिवस, आणि काल, आम्ही दोघं तिथंच असताना, त्यांनी भाजीत मीठ नाही म्हणून ताट सरकवलं. तुमची अक्का स्वयंपाकघरात जाऊन आनंदानं रडली.

हे सगळं तुम्हाला फोनवर कळलेलं आहे. पण ऑपरेशनची तारीख तीनदा पुढं का गेली, ते तुम्ही विचारलंत तेव्हा मी "दवाखान्यात गर्दी आहे" असं सांगितलं होतं. ते खोटं होतं. खरं फोनवर सांगता येत नव्हतं, कारण आमच्या घरातला फोन तुमच्या अक्काच्या हातात असतो आणि ती स्पीकर लावूनच बोलते. म्हणून हा कागद. सावकाश वाचा, आणि वाचताना जवळ कुणी कवठ्याचा जवान नाही ना, ते बघा.

झालं असं. तीन नळ्या बंद आहेत, उशीर करू नका, असं डॉक्टरांनी सांगितल्यावर आबा घरी आले, पलंगावर बसले आणि भिंतीवरच्या सासूबाईंच्या फोटोकडे बराच वेळ बघत राहिले. मग मला म्हणाले, "जावईबापू, ऑपरेशनचं काय सांगता येत न्हाई. उद्या हिच्या शेजारी माझा फोटू लागल. तो मोबाइलातला नगं. हिचा ज्या काचंनं काढला, त्याच काचंनं रिळावर काढा. मग न्या मला कुठं न्यायचं तिकडं." आम्ही सगळ्यांनी समजावलं. अक्कानं शपथ घातली. पण रणगाडे दुरुस्त करून निवृत्त झालेला माणूस शपथेनं हलत नाही. फोटो नाही तर ऑपरेशन नाही. आणि जुन्या रिळाच्या कॅमेऱ्यांचं वेड अख्ख्या खानदानात मलाच (अक्का त्याला भंगार म्हणते), त्यामुळं आबांचा जीव अचानक माझ्या हातात आला. चाळीस वर्षं साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर काढलेला माणूस मी. उसाच्या गाडीचं वजन चुकू दिलं नाही, पण माणसाचं ओझं असं अंगावर कधी आलं नव्हतं.

काच म्हणजे कुठली, ते तुम्हाला ठाऊक आहेच. आबा रणगाड्यांचं शिक्षण घ्यायला रशियाला गेले होते, तेव्हा आणलेल्या कॅमेऱ्याची ती लेन्स. तुम्ही भरती झालात तेव्हा त्यांनी तो कॅमेरा तुम्हाला दिला आणि तुम्ही तो ट्रंकेत टाकून कुलूप लावून निघून गेलात. ते कुलूप मी फोडलं. (त्या ट्रंकेत हिरव्या शाईतली सात पत्रंही होती. मी ती वाचली नाहीत. पहिलंच वाचलं.) कॅमेऱ्यातला शटरचा कापडी पडदा चाळणीसारखा झाला होता, तो कामातून गेलेला. लेन्स मात्र भरभक्कम, हातात घेतली तर अर्धा किलोच्या मापाची आठवण व्हावी. कडेनं रशियन अक्षरं, त्यातला एक एन आरशात बघितल्यासारखा उलटा. पण आत बुरशी धरली होती. उन्हात ठेवली की बुरशी मरते असं इंटरनेटवर एकानं सांगितलं होतं, म्हणून मी ती खिडकीत ठेवली आणि चहाला गेलो. परत येतोय तर धूर. खाली आबांची दवाखान्याची फाइल होती. भोक नेमकं ऑपरेशनच्या तारखेवर पडलं असं लिहिलं तर मजा येईल, पण ते खरं नाही. ते आधार कार्डाच्या झेरॉक्सवर पडलं, आबांच्या हनुवटीखाली. मी कान धरून उभा राहिलो. आबा रागावले नाहीत. उलट हसून म्हणाले, "असू द्या. देवाच्या मनात न्हाई वाटतं." पहिली तारीख तिथं गेली.

आता पंचाईत अशी की ही लेन्स आट्यांची, म्हणजे नळाच्या तोटीसारखी फिरवून बसवायची. आणि माझा जपानी कॅमेरा खाचेचा, त्यात लेन्स घालून थोडी वळवली की खटकन बसते. दोघांची सोयरीक जमवायची तर मध्ये एक रिंग लागते. ती विकत मागवली तर महिना. म्हणून मी पॅसेंजरनं माधवनगरला अजमलकडं गेलो. अजमल यंत्रमागांचे सुटे भाग लेथवर करून देतो आणि त्याचे वडील पीरमहंमदचाचा यांचा सांगलीत पूर्वी फोटो स्टुडिओ होता, त्यामुळं त्याला काम बघूनच हुरूप आला. पहिली रिंग सैल झाली, लेन्स चालत्या गाडीत माझ्या मांडीवर पडली. दुसरी तारीख गेली. हे सांगायला मी आबांकडं मान खाली घालून गेलो, तर त्यांनी अक्काला माझ्यासाठी शिरा करायला लावला. वीरधवलराव, सत्तावीस वर्षांत या माणसानं माझ्याशी पावसापाण्यापलीकडं बोलणं केलं नव्हतं. त्या तीन आठवड्यांत ते मला जवळ बसवून घेत, पाठीवर हात ठेवत, "काय घाई हाय का जावईबापू? हुईल सावकाश," असं म्हणत. मला वाटलं, आजारपणानं माणूस मऊ होतो.

दुसरी रिंग घट्ट बसली. मी कॅमेरा डोळ्याला लावला. झाड धुरकट, घर धुरकट, अक्का धुरकट. माझ्या चष्म्याचा नंबर वाढला अशी माझी खात्री झाली. साताऱ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडं गेलो, त्यांनी अर्धा तास अक्षरं वाचायला लावून सांगितलं की नंबर आहे तोच आहे. मी त्यांच्याशी वाद घातला. मग कॅमेरा घेऊन पुन्हा अजमलकडं गेलो. त्यानं कॅमेरा एकदा लांबच्या कॅलेंडरकडं धरला, एकदा समोरच्या लेथकडं, आणि म्हणाला, "काका, तुमचं डोळं झ्याक हायती. काचच जवळचं बघतीया." रिंगेमुळं लेन्स फिल्मपासून जेमतेम दोन मिली पुढं सरकली होती, आणि तेवढ्यानं तिला साडेपाच फुटांपलीकडचं काही दिसेनासं झालं होतं. "माग दोन मिली माफ करतोय बघा," अजमल म्हणाला, "ही काच लय मानी हाय." या सगळ्यात तिसरी तारीख गेली, आणि डॉक्टर फोनवर अक्कावर ओरडले. आता चौथी चुकवून चालणार नव्हतं.

म्हणून आहे त्या रिंगेनंच काढायचं ठरवलं. आबांना पदकांसह, पायातल्या बुटांपर्यंत, मागं जोंधळ्याचं रान असा फोटो हवा होता. मी सांगितलं की रान येणार नाही, बूट येणार नाहीत, छातीपासून वर जेवढे आबा आहेत तेवढेच येतील, आणि मला त्यांच्या पुढ्यात येऊन बसावं लागेल. अंगणात दोन खुर्च्या मांडल्या. अजमलच्या टेपनं त्यांच्या कपाळापासून लेन्सपर्यंत अंतर मोजलं. सासऱ्याच्या इतक्या जवळ मी लग्नातसुद्धा बसलो नव्हतो. त्यांच्या भुवईवर एक जुनी खोक आहे, ती मला त्या दिवशी दिसली. "येणार का खरंच?" त्यांनी विचारलं. मी म्हटलं, येणार. "नक्की?" मी म्हटलं, आबा, निर्धास्त राहा, अगदी लख्ख दिसताय. मी छत्तीसच्या छत्तीस फोटो काढले आणि दुसऱ्या दिवशी त्यांना मिरजेला भरती केलं.

ऑपरेशन पाच तास चाललं. ते रीळ माझ्या शर्टाच्या खिशात होतं. काम फत्ते केल्याचा आनंद मला होईल असं वाटलं होतं, पण त्या बाकड्यावर बसल्यावर माझ्या लक्षात आलं की आपण हार घालायचा फोटो खिशात घेऊन बसलोय. मला ते रीळ फेकून द्यावंसं वाटलं. मी अक्काला ते धरायला दिलं, तिनं परत मला दिलं, असं दहादा तरी झालं. शेवटी डॉक्टर बाहेर आले आणि "सगळं व्यवस्थित" म्हणाले, तेव्हा मी कॅमेऱ्याच्या पिशवीत तोंड घालून रडलो. पिशवीला अजून अजमलच्या लेथच्या तेलाचा वास येतोय. एवढं हलकं मला रिटायर झालो त्या दिवशीही वाटलं नव्हतं.

तर तारखा पुढं जाण्याचं कारण हे असं, एक बुरशी आणि दोन रिंगा. माझी धडपड कामी आली, आबांची इच्छा पुरी झाली आणि माणूस घरी आला. आमच्याबद्दल मनात काही आणू नका. सूनबाईंना आणि मुलांना आबांचे आशीर्वाद सांगा. थंडीत कानाला बांधत जा.

तुमचे दाजी,
लालासाहेब

ता. क. वर "इच्छा पुरी झाली" असं लिहिलंय, ते कृपा करून खोडावं. रीळ धुवायला पीरमहंमदचाचांकडं गेलो, तेव्हा फ्रेमचं माप जुळावं म्हणून सासूबाईंचा फोटोही बरोबर नेला होता. चाचांनी तो बघितला, हसले, फ्रेम उलटी करून मागचा कागद सोडवला. आत त्यांच्याच स्टुडिओचा शिक्का! सासूबाईंचा फोटो चाचांनी त्यांच्या स्वतःच्या कॅमेऱ्यानं काढलेला होता. रशियन काचेचा त्याच्याशी काडीचाही संबंध नव्हता. मग त्यांनी माझे ओले फोटो दोरीवर लावले आणि एकेकाकडं बघत म्हणाले, "ह्यो मानूस भ्यालाय." छत्तीसच्या छत्तीस फोटोंत, साडेपाच फुटांवरून, अगदी लख्ख. मला तो लष्करी करारीपणा वाटला होता.

कवठ्याला जाऊन मी आबांना शिक्का दाखवला. ते बराच वेळ पांघरुणाचं टोक चाळवत राहिले. मग म्हणाले, "मला वाटलं, ह्या दोन जिल्ह्यात ती काच कुनालाच बसवता यायची न्हाई. आन तुमच्याच्यानं तर न्हाईच न्हाई." म्हणजे तो शिरा, तो पाठीवरचा हात, ते सगळं माझ्या नालायकीवर टाकलेल्या विश्वासाचं होतं! मला राग यायला हवा होता. पण मग ते म्हणाले, "लय भ्या वाटत हुतं ओ. कुनाला सांगावं?" मी त्यांच्या उशाशी बसून राहिलो. ही गोष्ट तुमच्या अक्कालाही ठाऊक नाही.

आणखी एक ता. क. खरं काम आता लिहितो. डॉक्टरांनी रोज चालायला सांगितलंय, न चालल्यास धोका आहे. आबा उंबऱ्याबाहेर पाऊल टाकत नाहीत. नवी अट घातलीय: वीरूचा आणि त्यांचा एकत्र फोटो, त्याच काचेनं. ही अटही भीतीचीच आहे का, ते मी विचारलं नाही. तुमच्या मागच्या दोन सुट्ट्या पुण्यातल्या फ्लॅटच्या फरशीत गेल्या, तेव्हा ते रोज सकाळी गेटपाशी खुर्ची टाकून बसत, एवढं फक्त मी बघितलंय. पंधरा दिवसांची रजा टाका. (हिरव्या शाईची पत्रं माझ्याकडं सुखरूप आहेत आणि रजा मंजूर होईपर्यंत सुखरूप राहतील.)

शेवटचा ता. क. अजमलचा आत्ताच फोन आला होता. रिंग आणखी घासून दिली तर आठ फुटांपर्यंतचं दिसेल, म्हणजे दोघंजण ऐसपैस बसतील, असं म्हणत होता. मी त्याला नको म्हटलं. साडेपाच फुटांत दोन माणसं मावतात, मी आणि अक्कानं बसून बघितलंय. खांद्याला खांदा लावून बसावं लागतं, एवढंच.