बिनसंवादाची फिल्म

१२ डिसेंबर, शुक्रवार
लग्नांचं शूटिंग करून करून आतला कलावंत मेला, असं आज अश्विनीला सांगितलं. ती म्हणाली, कलावंताचं नंतर बघू, आधी गॅसला नंबर लावा. तिला कलेतलं कळत नाही, पण बायको म्हणून चांगली आहे.
निर्णय पक्का. शॉर्ट फिल्म. बारा मिनिटं. ऊसतोडीला गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई. संवाद शून्य. प्रेक्षकाला फक्त आवाजाने रडवायचं. साउंड डिझाइनचा ऑनलाइन कोर्स पूर्ण केलाय. शेवटचे दोन धडे राहिलेत, पण ते रिव्हिजनचेच असणार. नगरच्या फेस्टिव्हलला १५ फेब्रुवारीपर्यंत पाठवायची.
भूमिका आमच्या आईची. बावीस हंगाम कोयता चालवलाय, चेहऱ्यावर सगळं आहे. शिवाय मुळातच अबोल. वेगळं डायरेक्शन लागणार नाही.

१६ डिसेंबर
संकल्प: रोज पहाटे सहाला उठून एक आवाज रेकॉर्ड करायचा.
आज साडेनऊला उठलो. आवाज साडेनऊलाही असतातच. मिक्सरचा मिळाला.

२१ डिसेंबर, रविवार
कोयत्याचा आवाज. पाथर्डीत उभा ऊस कुठून आणणार, म्हणून कडबा तोडून रेकॉर्ड केला. आई ओट्यावर बसून ऐकत होती. म्हणाली, "ह्यो उसाचा न्हाई, कडब्याचा हाय. उसात पानी असतंय. त्यो वला वाजतो."
तिला समजावलं की सिनेमात खरा आवाज खोटा वाटतो आणि खोटा खरा. चौथा धडा.
"मंग बावीस वर्सं आमी काय खोटं तोडलं व्हय?"
कलाकाराशी वाद घालू नये.

३१ डिसेंबर
वर्षाचा आढावा. फिल्म जवळजवळ तयार आहे. फक्त शूटिंग आणि एडिटिंग राहिलंय.

९ जानेवारी
अखेर शूटिंग! आई टेकडीवरच्या देवळाची वाट चढते, तो शॉट. माईक पदराखाली लावला. चौथ्या टेकला तिचा श्वास मिळाला. आत जाताना बारीक शिट्टी, बाहेर येताना ओली घरघर. हेडफोनमध्ये अंगावर काटा आला. कसलेल्या नटीलाही असा श्वास घेता येणार नाही. आईला म्हटलं, वा!
ती दगडावर बसली. म्हणाली, "अमृत, आजच्याला पुरं कर."
एकच जास्तीचा टेक घेतला. फाईलला नाव दिलं: आईचा श्वास, ९ जानेवारी. फायली तारखेने ठेवणं ही प्रोफेशनल सवय.

१७ जानेवारी
अश्विनीची तक्रार. आई हल्ली आडव्या होतच नाहीत, दोन गोधड्यांना टेकून बसल्या बसल्या झोपतात. पाय सुजलेत. दाखवून आणा.
म्हटलं, शूटिंग संपलं की लगेच. मधेच औषध सुरू झालं आणि श्वास बदलला, तर कंटिन्युइटी गेली. ती माझ्याकडे नुसती बघत राहिली. कंटिन्युइटी शब्द नवीन असावा.

२२ जानेवारी
ट्रायल शो, आमच्याच पडवीत. गल्लीतले अकरा जण. आईच्या क्लोजअपखाली एक खोल, घुमणारा आवाज टाकलाय. कोर्सप्रमाणे त्याने छातीत अनामिक भीती दाटते. गिरणीवाला वाल्मिक उठला आणि पंखा बंद करून आला. तरी घुमणं थांबेना, तेव्हा स्पीकरची वायर हलवून पाहिली. कोयत्याच्या आवाजाला दोघे हसले. म्हणाले, म्हशीला टाकतोय का रे?
पण श्वास आला आणि सगळे गप्प. जाताना वाल्मिकने हळूच विचारलं, "मावशीला बरं न्हाई का?"
नोंद: कडबा कमी, श्वास वाढवणे.

२८ जानेवारी
धाकट्या बहिणीला, रेश्माला, श्वासाची फाईल व्हॉट्सअॅप केली. राहात्याला असते. चाळीस सेकंद. खाली विचारलं, कसं वाटतंय?
दोन मिनिटांत फोन. रडत होती. "दादा, ही आई आहे ना? आत्ताच्या आत्ता दवाखान्यात ने तिला."
मान्य करायला हवं, परिणाम अपेक्षेबाहेरचा. चित्र नाही, शब्द नाही, आणि माणूस धाय मोकलून रडतं. कोर्सवाल्यांना कळवायला हवं.
उद्या नेतो म्हणालो.

२ फेब्रुवारी
ते उद्या राहून गेलं. मिक्सिंग चालू होतं.
आज रेश्मा स्वतःच आली. पाणीसुद्धा प्यायली नाही. जीप ठरवली, आईला मधे बसवलं. मी पुढे बसलो. डॉक्टरांनी पाठीला नळी लावून ऐकलं. बराच वेळ ऐकलं. डोळे मिटून. मग म्हणाले, छातीत पाणी झालंय, हृदय थकलंय, नगरला हलवा.
केव्हापासून आहे, असं त्यांनी विचारलं. मी म्हणालो, चार-पाच दिवस.
रेश्मा भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत होती.

६ फेब्रुवारी, नगर
आई बरी आहे. ऑक्सिजन केवळ खबरदारी. डॉक्टर म्हणाले, अजून चोवीस तास बघू. म्हणजे परवा सुट्टी. डेडलाइन आरामात जमेल.
दुपारी तिने मास्क बाजूला केला आणि काहीतरी बोलायला लागली. म्हटलं, बोलू नको, दम लागेल. माझ्याकडे थोडा वेळ बघितलं आणि मास्क परत लावला.

८ फेब्रुवारी
आई गेली. सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी.

१५ फेब्रुवारी
डेडलाइन. फिल्म पाठवली नाही. तांत्रिक अडचण. श्वासाचा भाग आला की फाईल बंद करावी लागते. लॅपटॉप जुना झालाय.

१७ फेब्रुवारी
दहावा झाला. रेश्मा निघाली. एसटी यायला वेळ होता. स्टँडच्या बाकावर ती म्हणाली, "दादा, तू डॉक्टरांना चार-पाच दिवस म्हणालास. फाईलच्या नावात नऊ जानेवारी होतं."
मी म्हणालो, मला ती अॅक्टिंग वाटली.
हे वाक्य मनात ठीक होतं. तोंडातून बाहेर आल्यावर मीच ऐकलं. शेजारच्या बाकावरच्या बाईनेही ऐकलं असावं.
गाडी लागली. खिडकीतून तिने हात केला की नाही, ते मी पाहिलं नाही. मी खाली बघत होतो.

२४ मार्च
शेवगावची लग्नाची ऑर्डर नको म्हणून कळवलं. कारण तब्येतीचं सांगितलं. माझी तब्येत उत्तम आहे.

२९ मार्च, रविवार
कारखाने बंद झाले, टोळ्या परतल्या. दुपारी आईच्या जुन्या टोळीतल्या चौघी आल्या. त्यांना गावात पाऊल टाकल्यावरच कळलं. ओट्यावर बसून रडल्या. मग त्यातल्या थोरल्या बाई डोळे पुसून म्हणाल्या, "लई बोलायची रतनबाई. मोळी बांधता बांधता तोंड चालू. दीस कवा मावळला कळायचं न्हाई. ती यायची थांबली आन् फड मुका झाला बग."
मला वाटलं, दुसऱ्या कुठल्या रतनबाईबद्दल बोलतायत. विचारलं, आमची आई?
"मंग कोन? नकला काय करायची, मुकादमाच्या, समद्यांच्या. हसून हसून हातातला कोयता गळायचा."
बाकीच्या तिघी रडता रडता हसायला लागल्या. त्यांना काय आठवलं, कोण जाणे.
अश्विनी चहा घेऊन बाहेर आली. म्हणाली, माझ्याशीही खूप बोलायच्या, दुपारच्या. तुम्ही आलात की थांबायच्या.
काय बोलायची, ते मला विचारायचं होतं. शब्द जुळवत होतो, तेवढ्यात रस्त्यावर त्यांच्या जीपवाल्याने हॉर्न दिला. चहा पिऊन त्या गेल्या.