काळा पत्रा

आई, काळं दिसलं की घासायचं, हे तू माझ्या हाडात भरलंस आणि त्यापायी माझी नोकरी जायची वेळ आली होती. दुष्काळात तू छावणीत चार घरची भांडी घासायचीस. टँकर दोन-दोन दिवस यायचा नाय. माझ्या हातात कोरडी राख द्यायचीस, पाणी शेवटी तांब्याभर. मी आठ वर्षांची. बुडाला ठिपका राहिला तर पातेलं परत माझ्यापुढं आपटायचीस. तेव्हाच शाळा सुटली, पण ते जाऊ दे.

आता कॉलेजच्या प्रयोगशाळेत काचसामान धुते. तिथल्या मॅडमनी गच्चीवर एक यंत्र मांडलंय. उन्हावर वीज तयार होते, तिच्यानं पाण्यातून हायड्रोजन निघतो. तो धातूच्या पातळ पत्र्यातून पलीकडं झिरपतो आणि तिथल्या तेलासारख्या रसायनात मुरतो. तेलाचं वनस्पती तूप करतात ना, तसंच, पण भट्टी नाय, सिलिंडर नाय. तो पत्रा एका बाजूनं काळाकुट्ट. धुवायला आला तेव्हा मला वाटलं काजळी. घरून राख आणली आणि असा घासला की आरसा.

मग काय, ऊन कडक, तरी पलीकडच्या रसायनात काहीच मुरंना. चार दिवस मॅडम वायरी तपासतायत, जेवणाचा डबा तसाच. पाचव्या दिवशी मला राहवेना. म्हटलं, पत्रा मी चमकवलाय. त्यांनी तो उन्हात धरला.

"मावशी, ती काजळी नव्हती. सगळं काम तोच काळा लेप करत होता."

आता नोकरी गेलीच म्हणून मी प्रयोगशाळेच्या किल्ल्या काढून टेबलावर ठेवल्या. मॅडम पत्रा उलटसुलट करत राहिल्या, मग विचारलं, किती वेळ घासलात? म्हटलं, तासभर.

"इतका एकसारखा घासायला मला कधी जमलं नाही. किल्ल्या उचला."

त्याच घासलेल्या पत्र्यावर त्यांनी नवा लेप दिला, तो आधीपेक्षा बरा बसला. आता म्हणतात, सोमवारपासून पत्रे तुम्हीच घासा, लेपही तुम्हीच द्या, वहीत रोज लिहा. हे एवढं पत्र लिहायलाच मला तीन दुपारी लागल्या, आणि तू देवाघरी गेलीस, तिथं टाकायला पत्ता नाय.

खरं सांगू का, मी हो म्हणून बसलेय. वहीसुद्धा आणली. तरी तुला विचारल्याबिगर पहिलं पान उघडवत नाय. जमंल का मला? व्हय का नाय, रविवारपर्यंत कळव.