नायक डावखुरा आहे

शहापूर, ६ जानेवारी १९५८
देवरामभाऊंच्या साप्ताहिकात आता चित्रपट-परीक्षण येणार. एकच चित्रपट दोघांना कसा वेगळा दिसतो ते छापायचे; मग दोघांतला एक कायम. एक मी, दुसरे पोस्टातले कमळाकर. आबांनी मला घरीच शिकवले, म्हणून धास्ती वाटते. पण कायम झाले तर मुरबाडचे स्थळ ते वर्षभर थांबवणार आहेत. नियम केला: दिसले ते सोडायचे नाही.

९ जानेवारी
चित्रपटाच्या तंबूत गेले. पुरुष पडद्यासमोर, आम्ही बायका नेहमीप्रमाणे पडद्यामागे. पडदा पाणी मारून भिजवला होता, त्यामुळे चित्र आमच्याही बाजूला स्वच्छ. नायक डाव्या हाताने जेवला. हात दुखत असेल म्हणून सोडून दिले. मग भटजींनीही प्रसाद डाव्या हाताने दिला! शेजारच्या सुंदरामावशींना दाखवले. त्या म्हणाल्या, जेवतोय ना गो, मग झालं.
पडद्यावरची नावे कुठल्याशा परक्या लिपीत होती.

१० जानेवारी
परीक्षण दिले. समाज वाममार्गाला लागला हे सुचवण्यासाठी दिग्दर्शकाने अख्खे गाव डावखुरे दाखवले आहे.

१८ जानेवारी
छापून आले. कमळाकरांच्या परीक्षणात नायक आदर्श पुत्र, हाताचा उल्लेखच नाही. झोप लागली असावी. पोस्टाच्या खिडकीशी हळूच विचारले. म्हणाले, ताई, तुमाला बरं नाय का?

२१ जानेवारी
हळदीकुंकवाचा खास खेळ. बायकांची गर्दी फार, म्हणून तंबूवाल्याने आम्हाला समोर बसवले, पुरुष मागे. चित्रपट नवा, नायक तोच. उजव्या हाताने जेवला! माझे परीक्षण मुंबईपर्यंत पोहोचले तर. लिहिले: टीकेचा असा मान राखणारा कलावंत विरळा.

२५ जानेवारी
कमळाकर छापून मोकळे झाले: नायक खरोखरच डावखुरा आहे, मागील खेपेस आमचे लक्ष नव्हते, ताईंची क्षमा मागतो. बिचारे. तो सुधारल्यावर यांना दिसले.

२७ जानेवारी
देवरामभाऊंनी दोघांना बोलावले. कोण कुठे बसलं होतं, एवढेच विचारले. मग अंकाचे पान उन्हात धरून पाठीमागून वाचायला लावले.
मला थोडा संशय होताच.
परीक्षणाच्या जागी आता तंबूची जाहिरात येणार. कायम कोणीच नाही. मुरबाडची मंडळी रविवारी येतात.

२ फेब्रुवारी
मुलगा पाहिला. लाडू डाव्या हाताने उचलला, पाण्याचा पेलाही. मनाची तयारी होती, पण नियम तो नियम. आबांना नकार कळवायला सांगितले. त्यांनी विचारले, तू पाहिलंस कुठून? म्हटले, या खेपेस पडद्यामागून नव्हे. माजघरातल्या आरशात, अगदी स्वच्छ.
आबा माजघरात जाऊन आरसा पाहून आले. संध्याकाळी त्यांनी मुरबाडला होकार कळवला.