मास्तरीणबाईंची जागा

३ तारीख, सोमवार

नवी नोकरी, नवी खोली, नवी वही. सतरा वर्षं शिकल्यासवरलेल्या लोकांना नोकऱ्या लावल्या, आता तुरुंगातून सुटलेल्या बायकांना लावायच्या. प्रत्येकीला नोकरी आणि भाड्याची खोली बघून देणं, दोन्ही माझ्याच गळ्यात. लेकीने फोनवर फक्त एवढंच बजावलं की पंधरा तारखेला यायचं म्हणजे यायचं. तिला आठवा सरत आलाय, पहिलंच बाळंतपण. रजेचा अर्ज मी रुजू व्हायच्या आधीच देऊन टाकलाय. इतकी धोरणी बाई त्यांना मिळाली नसेल.

या बायकांना ठेवतात ते घर दुमजली आणि लखलखीत. बारा खाटा, बारा जणी. माझी खोली वरच्या कोपऱ्यात, कामाचं टेबल खाली मोठ्या खोलीत खिडकीशी. घर चालवणाऱ्या बाईंना सगळ्या मावशी म्हणतात. माझ्याहून फार तर चार वर्षांनी मोठ्या असतील, पण मीही तसंच म्हणायला लागले. बायका अदबीने बोलतात, ताट स्वतः धुतात, भांडत नाहीत. आमच्या जुन्या ऑफिसपेक्षा बरं वातावरण आहे.

५ तारीख, बुधवार

इथे रोज मोजणी होते. सकाळी साडेसातला आणि संध्याकाळी सहाला बाराही जणी मोठ्या खोलीत रांगेत उभ्या राहतात आणि मावशी एकेकीच्या खांद्याला हात लावत मोजतात. मला हसू आलं. सुटलेल्या बायकांची कसली मोजणी? मावशी म्हणाल्या की एकदा बंद करून पाहिली होती, तर दोन दिवस कुणाच्या घशाखाली घास उतरेना. वर्षानुवर्षांची सवय. वर मला ताकीदही दिली: मोजणीच्या वेळी टेबलाशी बसून राहायचं, रांगेकडे फिरकायचं नाही. का, तर मोजणी चुकते. मला काय, मी बसून राहिले.

रांगेत शेवटी उभ्या राहतात त्या मास्तरीणबाई. तुरुंगातल्या शिवणखात्यात नव्या बायकांना त्याच शिकवायच्या, म्हणून हे नाव. एकोणीस वर्षं आत काढली. अजूनही बंद दारासमोर आल्या की थांबतात. कुलूप नाही, कडी नाही, तरी हात पुढे होत नाही. कुणी दार उघडेपर्यंत तशाच उभ्या. मला फार वाईट वाटलं. पहिली नोकरी यांनाच लावायची, असं ठरवलं.

जुन्या फायली चाळल्या. गेल्या तीन वर्षांत एकीचीही सोय लागलेली नाही. आधीच्या बाई काय माशा मारत होत्या?

१० तारीख, सोमवार

जमलं! गणवेश शिवणाऱ्या कारखान्याच्या मुकादमाने मास्तरीणबाईंना आज बोलावलं होतं, पण पावणेआठलाच, मशीन सुरू व्हायच्या आत. म्हणजे नेमकी मोजणीची वेळ. मावशी ऐकेनात. मोजणीत नसलेल्या बाईला घरात जागा नाही, हा नियम. सतरा वर्षांत मी असले नियम पुष्कळ गुंडाळून ठेवलेत. मास्तरीणबाईंची चौकड्यांची शाल डोक्यावरून ओढली आणि खाली मान घालून त्यांच्या जागी उभी राहिले.

त्यांना दार मीच उघडून दिलं होतं, पण त्या उंबऱ्याशीच अडकल्या होत्या. मला वाटलं, धास्तावल्यात. साडेसातला मावशींचा हात माझ्या खांद्यावर पडला, मावशी बारा म्हणाल्या, आणि खिडकीतून पाहते तो मास्तरीणबाई झपाझप फाटकाकडे निघालेल्या. दहाला परत आल्या त्या नोकरी घेऊनच, आणि दारही स्वतः ढकलून आल्या. मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं.

११ तारीख, मंगळवार

खोलीही मिळाली, कारखान्याच्या मागच्या गल्लीत. घरमालकीण फोनवर तुरुंगाबद्दल एक अक्षर बोलली नाही, पण बाई घोरते का, हे तीनदा विचारून घेतलं. मास्तरीणबाई एक पिशवी घेऊन गेल्या.

संध्याकाळच्या मोजणीला मावशी अकरावर थांबल्या. सगळ्या माझ्याकडे बघत राहिल्या. काय झालं ते विचारायला म्हणून मी उठले, आणि विचारलंच नाही. जाऊन शेवटी उभी राहिले. हात खांद्यावर पडला तेव्हा बरं वाटलं. बरं का वाटावं, हे कळत नाही.

१३ तारीख, गुरुवार

आज मी न्हाणीघराच्या दारासमोर उभी होते. किती वेळ, कोण जाणे. आत कुणी नव्हतं. मागून एकजण आली, तिने दार लोटलं, मग मी आत गेले.

दमणूक असेल. घरी जाऊन झोप काढली की होईल ठीक. परवा निघायचंच आहे.

१५ तारीख, शनिवार

बॅग भरून खाली आले. टॅक्सीवाला फाटकाशी. दार सताड उघडं होतं, तरी पाय उंबऱ्यावरून उचलेना. जोर केला, पण पाऊल जागचं हललं नाही. टॅक्सीवाल्याने हॉर्न वाजवला, शिव्या घातल्या आणि निघून गेला.

मावशींना विचारलं. त्या शांतपणे म्हणाल्या की मोजलेली बाई जागा रिकामी ठेवून जाऊ शकत नाही. मास्तरीणबाईंची जागा मीच भरली, माझ्या मर्जीने. रांगेकडे फिरकू नका असं मावशींनी मला बजावलं होतं.

लेकीला फोनवर खोटं सांगितलं. पाय मुरगळला म्हटलं.

१६ तारीख, रविवार

रांगेतल्या पाचव्या बाई आज पहिल्यांदा माझ्याशी बोलल्या. खिडकीजवळच्या टेबलावर आधी त्या बसायच्या. जुन्या फायलींतलं सुबक अक्षर त्यांचंच. कुणाच्या तरी मुलाखतीसाठी त्याही अशाच उभ्या राहिल्या होत्या, एक दिवस.

त्यांना किती वर्षं झाली, ते विचारायचं धाडस झालं नाही.

१७ तारीख, सोमवार

मास्तरीणबाईंना निरोप धाडला. आल्या. फाटकाच्या बाहेरच थांबल्या. मी उंबऱ्याशी, मध्ये जेमतेम वीस पावलं. खूप रडल्या. एकोणीस वर्षं तिथे, मग चार इथे, आता परत नका बोलावू म्हणाल्या.

त्या वळून गेल्या, आणि मी सहाच्या मोजणीला जाऊन उभी राहिले.

१८ तारीख, मंगळवार

लेकीचा फोन. ती आणि जावई उद्या गाडी घेऊन येताहेत मला न्यायला. मी येऊ नकोस म्हणाले, चारदा म्हणाले. कारण विचारलं तर काय सांगू — खरं सांगितलं तर वेड लागलं म्हणेल, आणि मग तर येईलच —

साडेसातची वाट बघत जाग येते. हात खांद्यावर पडेपर्यंत पाणीसुद्धा —

१९ तारीख, बुधवार

आली. पोट सावरत, हसत, थेट आत आली. जावई गाडीत बसलेत. दारातूनच तिला परत पाठवायला हवं होतं. मी गळ्यात पडले.

चल म्हणाली, अडलंय कुठे. आणि मी बोलून गेले की माझ्या जागी कुणी उभं राहिल्याशिवाय मला निघता येत नाही.

बोलून गेले. नाही, खरं लिहिते. मला सुटायचं होतं. क्षणभरच, पण होतं.

एवढंच ना, म्हणाली. मी उभी राहते, तुझा पाय दुखतोय, तू बस जरा. दंड धरून मला टेबलाशी बसवलं. मी तिचा हात सोडत नव्हते — सहा वाजले, हात सोडवून ती रांगेत शेवटी जाऊन उभी राहिली — मोजणीत तोंड उघडत नाही, कुणाचंच नाही, माझंही —

वहीत मोठ्या अक्षरांत लिहितेय. बाजूला हो. बाजूला हो पोरी. वही उंच धरली. ती मावशींकडे बघतेय, हसतेय —

आठ. नऊ.

पाचव्या बाईंनी डोळे मिटून घेतले.

अकरा.

हात तिच्या खांद्यावर. बारा. माझे पाय — उठले, आपोआप उठले, दाराकडे — नको — टेबल धरून ठेवलंय —

मावशींनी हात उचलला नाही. खाली आणलाय. तिच्या पोटावर ठेवलाय. तेर—