आईची बंद केलेली फाइल पुन्हा उघडण्याबाबत

प्रति,
मा. बदली अधिकारी,
आरोग्य सेवा कार्यालय,
दुसरा मजला, जिन्याच्या डावीकडे.

विषय : (१) कार्यालयाच्या सर्व्हरवरील, म्हणजे संगणकाच्या आतल्या, कागदी नव्हेत अशा उघड्या फायलींची मर्यादा वाढवण्याबाबत. (२) माझ्या आईची कागदी फाइल पुन्हा उघडण्याबाबत.

संदर्भ : १) माझा मागील अर्ज. २) त्यावर आपले आलेले आभाराचे पत्र.

महोदय,

आपण शेवटची फाइल बंद केलीत, तेव्हा ती आधी वाचली होती का?

हा प्रश्न अर्जाच्या पहिल्याच ओळीत लिहून दाखव, अशी पैज माझ्या मैत्रिणींनी लावली होती. "तू काय लिहितेस, तुझी टरकेल," असे त्या म्हणाल्या. प्रश्न उद्धट वाटल्यास क्षमा असावी. खोडणार होते, पण खोडवला नाही, कारण मला त्याचे उत्तर खरोखरच हवे आहे. सविस्तर निवेदन खालीलप्रमाणे.

१. मी इयत्ता नववीत शिकते. माझी आई आपल्याच सेवेत परिचारिका असून तिची नेमणूक बसच्या शेवटच्या थांब्याच्या गावी, तेथील दवाखान्यात आहे. महिन्यातून एकदा ती घरी येते, त्यातला अर्धा दिवस झोपते. एरवी घरी मी, बाबा आणि बालवाडीतली माझी धाकटी बहीण ठमी असे तिघे असतो. "तुझी आई कुठे असते?" असे बालवाडीच्या बाईंनी विचारले असता, "आमची आई फोनमध्ये राहते," असे ठमीने सांगितले. बाईंना हसू आले. बाबांना आले नाही. आईने घराजवळच्या रुग्णालयात बदली मागितली असून तिची फाइल आपल्याकडे 'विचाराधीन' होती. विचाराधीन म्हणजे उघडी, हे मला नंतर कळले.

२. त्या फाइलीला आईचा एक फोटो तेवढा जोडायचा राहिला होता व तो आपल्या संकेतस्थळावरूनच चढवावा असा नियम आहे. हे काम आईने माझ्यावर सोपवले. नाव, हुद्दा, सगळे पटापट भरले जाई, आणि फोटोचे पान आले की पडदा पांढरा होऊन वर इंग्रजीत एकच ओळ येई, की फार फायली उघड्या आहेत. सकाळी तेच, दुपारी तेच. मी आमचा संगणक बंद करून पाहिला, बाबांनी त्याच्यावर चापटी मारून पाहिली. उपयोग शून्य.

३. तेव्हा मी आमच्या शाळेच्या संगणकाच्या बाईंना गाठले. त्यांनी सांगितले ते असे : आपला सर्व्हर युनिक्स जातीचा आहे, म्हणजे त्या नावाच्या प्रणालीवर चालतो. त्याच्या हिशेबी सगळेच फाइल असते. फोटो तर फाइल आहेच, पण दुरून कोणी संकेतस्थळ उघडले की त्याला सर्व्हरशी जोडणारा धागासुद्धा एक फाइल. एका प्रोग्रामने एका वेळी किती फायली उघड्या ठेवाव्यात याला मर्यादा असते, आणि कोणी मुद्दाम वाढवली नाही तर ती बहुधा १०२४ असते. बदलीच्या दिवसांत गर्दी होते. त्यात प्रोग्राम लिहिणारा उघडलेली फाइल काम झाल्यावर बंद करायला विसरला असेल, तर उघड्या फायली साठत जातात, आणि मर्यादा भरली की पुढच्याला दार बंद. आईचा फोटो त्या पुढच्यांपैकी. बाईंनी शाळेच्या संगणकावर मर्यादा अगदी कमी करून मला तसाच प्रोग्राम लिहायला लावला. तो जेव्हा हुबेहूब तीच ओळ दाखवून मेला, तेव्हा मी बाकावर उभी राहून ओरडले. (त्याबद्दल शाळेत वेगळी समज मिळालेली आहे.)

४. त्याच उत्साहात मी आपणास मागील अर्ज केला. विषय होता : 'उघड्या फायली वेळेवर बंद न केल्यामुळे होणाऱ्या अडचणीबाबत'. सर्व्हर हा शब्द तिसऱ्या परिच्छेदात होता. तिथपर्यंत कोणी पोहोचले नसावे.

५. आपले उत्तर लगेच आले, आणि तेही शाळेच्या पत्त्यावर. 'एका जागरूक विद्यार्थिनीच्या अर्जाची गंभीर दखल घेऊन या कार्यालयातील सर्व उघड्या फायली बंद करण्यात आल्या आहेत.' मुख्याध्यापकांनी ते सगळ्या शाळेपुढे वाचून दाखवले. टाळ्या पडल्या. इतक्या टाळ्या मला आयुष्यात पहिल्यांदाच मिळाल्या आणि मी हवेत तरंगतच घरी गेले. दारातच बाबा फोन हातात धरून उभे होते. आईला कार्यालयाचा संदेश आला होता, की आपला बदलीचा अर्ज बंद करण्यात आला आहे. आई एवढेच म्हणाली, "असू दे गं, तू काय मुद्दाम केलंस?" त्यापेक्षा ती रागावली असती तर बरे झाले असते.

६. दुसऱ्या दिवशी बाबा आणि मी आपल्या कार्यालयात आलो. आपण बैठकीत होता. नाव सांगताच खिडकीतल्या कारकून काकांनी मला ओळखून बसायला खुर्ची दिली. "ये, ये, जागरूक! तुझ्यामुळे माझ्या टेबलाचा रंग दिसला बघ. हिरवं आहे! मी इतकी वर्षं तपकिरी समजत होतो." बाबांनी हात जोडून विनंती केली, की त्यातली एक फाइल तेवढी उघडा. काका म्हणाले, "बंद झालेली फाइल उघडत नसते हो. नवीन अर्ज करा." कुठे करायचा, तर संकेतस्थळावर. बाबा म्हणाले, "अहो, ते उघडत नाही म्हणून तर पोरीने पहिला अर्ज केला." काकांनी मान डोलावली. त्यांना वाईट वाटले हे दिसत होते. महोदय, माझे बाबा कुलपे आणि चाव्यांचे काम करतात. चावी हरवलेली तिजोरी असो की आतून लागलेले न्हाणीघर, लोक त्यांना बोलावतात आणि ते उघडून देतात. आपल्या कपाटाचे कुलूप त्यांनी दुरूनच पाहिले व मला हळूच म्हणाले, "हे तर मी केसाच्या पिनेने उघडीन. पण त्याने काय होणार?"

७. काकांनीच आम्हाला खाली सर्व्हरच्या खोलीत पाठवले. तिथले दादा शाल गुंडाळून बसले होते, कारण थंडावा यंत्रांसाठी असतो. ते म्हणाले, "मर्यादा मी कधीच वाढवलीय, हे बघ," आणि त्यांनी पडद्यावर मोठा आकडा दाखवला. मी म्हटले, "दादा, ही तुम्ही आत्ता उघडलेल्या खिडकीची मर्यादा. सर्व्हरवर जो प्रोग्राम आधीपासून चालू आहे, त्याची काढून बघा ना." (हीच चूक मी शाळेत केली होती आणि बाईंनी माझा कान धरला होता.) त्यांनी काढली. १०२४. आणि उघड्या फायली? त्याही १०२४. दादांनी आकडा पुन्हा एकदा काढून पाहिला. मग म्हणाले की त्या प्रोग्रामची मर्यादा वाढवून तो एकदा थांबवून पुन्हा चालू करावा लागेल. मी म्हटले, "मग करा की!" तर त्याला साहेबांची, म्हणजे आपलीच, लेखी परवानगी लागते. मागितली नाही का? मागितली होती. तिची फाइल उघडली होती. "ती पण तुझ्याच अर्जात गेली, बाळा."

८. महोदय, म्हणजे आता असे झाले आहे. आईची फाइल उघडायला नवीन अर्ज हवा. नवीन अर्जाला सर्व्हर हवा. सर्व्हरला परवानगी हवी. परवानगीची फाइल बंद आहे, आणि ती मी बंद करवली. मला वर्गात कोणी प्रश्न विचारला की हात वर करायची सवय नुकतीच लागली होती. आता हात वर करताना भीती वाटते, की काहीतरी बंद पडेल. दादांनी हेही सांगितले की मर्यादा वाढवणे हा तात्पुरता उपाय आहे, मूळ प्रोग्राम दुरुस्त होईपर्यंत फायली साठतच राहणार. पण आम्हाला तात्पुरतेच पुरे आहे. फोटो एकच आहे.

९. बदल्यांची यादी येत्या शुक्रवारी लागते. त्यानंतर पुढल्या वर्षीच. तरी आईची फाइल उघडावी. ते नियमात बसत नसेल तर सोबत जोडलेल्या परवानगीवर सही करावी. मजकूर दादांना विचारून मीच लिहिला आहे, सहीची जागा पेन्सिलने दाखवली आहे. तेही शक्य नसेल, तर हा अर्ज बंद करण्याआधी इथपर्यंत तरी वाचावा. वाचला असल्यास पहिल्या प्रश्नाचे उत्तर नाही दिले तरी चालेल.

आपली नम्र (व अजूनही जागरूक),
(सही)
इयत्ता नववी, वरील परिचारिकेची थोरली मुलगी
दिनांक : यादीच्या आधीचा सोमवार

सोबत :
१) आईचा फोटो, कागदी. हा कोणत्याही मर्यादेत येत नाही.
२) सर्व्हरवरील प्रोग्राम पुन्हा चालू करण्याची परवानगी, सहीसाठी.
३) आपल्या आभाराच्या पत्राची प्रत. मूळ पत्र शाळेने चौकटीत लावले आहे.

प्रत माहितीसाठी :
१) संगणकाच्या बाई. बाई, मला अजून शिकायचे होते.
२) आई व बाबा. आई, तुला हे फोनवर सांगितले असते तर तू नको म्हणाली असतीस, म्हणून लेखी कळवते. शुक्रवारच्या यादीत तुझे नाव नसेल, तर मी आणि ठमी शनिवारच्या बसने तुझ्याकडे राहायला येत आहोत. शाळा सोडल्याच्या दाखल्यासाठी मी अर्ज दिला आहे. तुझ्या तिथल्या शाळेत संगणक नाही हे मला माहीत आहे. चौकशी केली आहे. बाबा, तुम्ही मागून या. कुलपे तिकडेही बिघडत असतीलच. ठमीला अजून काही सांगू नका. तिला वाटेल, आपण सगळे फोनमध्ये राहायला चाललो.