शिडीला माशाचं तेल

५ ऑगस्ट १९५७, सोमवार
मोठी शिडी साफ केली. दोन्ही तुकडे वेगळे केले, खाचांतलं कापसाचं तूस काडीने काढलं, खाचांना मेणबत्ती घासली. कप्पीच्या आसाला मशीनच्या तेलाचा एक थेंब, तोही लगेच पुसून. पायऱ्यांना काही नाही. त्या कोरड्याच हव्यात. गिरणीत तेलाचा ओघळ राहिला की त्यावर तूस बसलंच. मग वरचा तुकडा अडतो, नाहीतर पाय सरकतो.
धाकलू उभा राहून बघत होता. मदत नाही, शब्द नाही. हरताळाच्या दिवशी हा गेटातून आत गेला आणि मी सगळ्यांसमोर त्याला फितूर म्हणालो, तेव्हापासून हे असंच. जोडी मात्र तीच. दिवे बदलायला मी वर, तो खाली शिडी धरून.

७ ऑगस्ट
दुधात पाणी. दूधवाल्याला बोललो तर हसला. हसून बोलणाऱ्याचा मला भरवसा नाही.
संध्याकाळी नाक्यावर संयुक्त महाराष्ट्राची सभा. मुंबई घेणारच म्हणाले. टाळ्या मीही वाजवल्या. पण दिल्लीवाले हातात देतील तेव्हा खरं.
यशोदा म्हणते, "गेल्या वर्षी दीक्षा घेतलीत, तेव्हा संशय तेवढा जुन्या धर्मात ठेवून यायचा होता." बोलायला बायको तयार आहे.

९ ऑगस्ट, शुक्रवार
सुटल्यावर धाकलू शिडीघराशी घुटमळत होता. काखेत बाटली. मला बघून पाठ फिरवली. दारू? दारूबंदीत एवढी हिंमत? उद्या नारळी पौर्णिमा, त्याची रजा. म्हटलं असेल काहीतरी.

१२ ऑगस्ट
मरता मरता वाचलो.
सूतखात्यात छताखालचे दिवे बदलायला वर गेलो. खालचा तुकडा ठीक. वरच्या तुकड्यावर पाय टाकला तो गेलाच. कोपर अडकवून लोंबकळलो. हात नाकाशी नेला तर मासळीचा वास. माशाचं तेल! वरचा तुकडा नुसता माखलेला, खालचा कोरडा ठणठणीत. म्हणजे मी जिथे उभा राहतो, बरोबर तिथेच.
खाली धाकलू वर बघत उभा. "लागलं का" एवढंही विचारलं नाही.
मिस्त्रीला सांगितलं, दोरी बदलायची आहे, दोन दिवस शिडी बाहेर काढू नका. पुसली नाही. पुरावा आहे.

१३ ऑगस्ट
यशोदाला सांगितलं. "आधी पुसून टाका हो. मग काढा तो पुरावा." हिला पुरावा म्हणजे काय तेच कळत नाही.
झोप नाही. इतकी वर्षं माझा जीव त्याच्या दोन हातांत. एका शब्दासाठी माणूस जिवावर उठतो? उठतो. का नाही उठणार? पण धाकलू...

१४ ऑगस्ट
विचारलंच. शिडीघरात, दोघेच असताना.
"तेल तू लावलंस?"
"लावला. पुनवेला होरीला लावताव ना, मुशीचा तेल. लाकूड टिकतं. ही बी आपली होरीच नं?"
"मग वरच्याच तुकड्याला का?"
"बाटलीतला सरला."
एवढा सरळ जबाब! सरळ जबाबाचाच मला जास्त संशय. म्हटलं, होडी आहे ना, मग चढ तूच. मी धरतो.
चढला. अनवाणी, डोलकाठीवर चढावा तसा. वरच्या तुकड्यावर गेला आणि सटकला. माझ्या खांद्यावर आदळून फरशीवर आला. घोटा मुरगळला.
पडल्या पडल्या म्हणाला, "तू हालवलीस."

१५ ऑगस्ट
गिरणी बंद. वरळी कोळीवाड्यात गेलो. घोट्याला हळद बांधून ओट्यावर बसला होता. त्याच्या आईने चहा दिला. म्हातारीला भांडणाचं काहीच माहीत नसावं. म्हणाली, "तुजी शिडी नं? तेल मीच दिला काढून. बोलला, वर माजा माणूस जातं, चांगला दे."
म्हातारीला पढवून ठेवलं असेल, असं मनात आलं. मग माझी मलाच लाज वाटली.
ती आत गेल्यावर धाकलूला म्हणालो, मी हलवली नाही.
"मंग मना चडवलास तवा पुसली का नाय? तेल हाय ते तुला ठाव होता."
काय सांगणार? पुरावा म्हणून ठेवली होती?
विषय बदलायला विचारलं, हरताळाला आत का गेला होतास?
"तवा इचारलास? आता कशाला इचारतंस?"
चहा संपवून निघालो. निरोप दिला तो म्हातारीनेच.

१६ ऑगस्ट
शिडी पुसली. सोड्याचं पाणी, मग कोरडं फडकं, मग मेणबत्ती. बारा तारखेलाच करायचं काम. हाताचा वास जात नाही.

२६ ऑगस्ट
धाकलू कामावर. किंचित लंगडतो. मिस्त्री त्याच्यासमोरच मला म्हणाला, पाहिजे तर दुसरा माणूस देतो. धाकलू छताकडे बघत राहिला. मी नको म्हणालो.
शिडी उभी केली. माझ्याआधी धाकलूच पुढे झाला. हात पोचेल तिथवर एकेक पायरी चाचपली, बोटं नाकाशी नेली. मग म्हणाला, "चड."
गेलो. दिवे बदलले. तेवढ्या वेळात शिडी तसूभर हलली नाही.
खाली आलो तर म्हणतो, "पलीकडचे दिवे मी बदलतंय. धर."
दोन्ही हातांनी धरली. त्याने पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि थांबला. वर बघेना, माझ्या तोंडाकडेही बघेना. माझ्या हातांकडे बघत राहिला. जेवणाचा भोंगा होईपर्यंत आम्ही दोघे तसेच.